पांढरी आणि काळी

आपल्या जुन्या गावगाड्यात जमिनीचे दोन मोठे भाग मानीत. जेथे घरे, वाडे, देऊळ व चावडी असे ती पांढरी. जेथे नांगर चाले ती काळी. जुन्या कागदपत्रांतून ही दोन नावे जोडीनेच येतात. गुरांसाठी गायरान वेगळे असे, आणि या साऱ्याभोवती गावाची शीव असे. नगररचना हा शब्दही ज्यांच्या कानी पडला नव्हता, त्यांनी वस्तीची जागा कोणती आणि पिकाची कोणती हे ठरवून टाकले होते. शहरांच्या बेबंद वाढीची चिंता आज सर्वत्र ऐकू येते. तिच्या मुळाशी प्रश्न हाच आहे की, पांढरीने काळी गिळू नये ही मर्यादा नव्या काळात राखायची कशी?

हा प्रश्न पुण्यामुंबईचा, आपला नव्हे, असे कोणास वाटेल. त्याने एकदा जिंतूर तालुक्यातील येलदरीस जाऊन यावे. पूर्णा नदीवरचे तेथील धरण १९६८ साली पुरे झाले. त्याच्या पोटात सुमारे ९३४ दशलक्ष घनमीटर पाणी मावते. पायथ्याशी साडेबावीस मेगावॉटचे वीजगृह आहे. हेच पाणी खाली सिद्धेश्वरच्या धरणात येते व तेथून कालव्यांनी शेतांत जाते. या जलाशयासाठी गावेच्या गावे उठली. त्यांची पांढरी बुडाली आणि काळीही बुडाली. खालच्या लोकांची काळी भिजावी, म्हणून वरच्या लोकांनी आपली सोडली. आता त्याच भिजणाऱ्या काळीवर चुन्याच्या रेघा ओढून भूखंड पडू लागले, तर येलदरीच्या विस्थापितांनी दिले ते कशासाठी, याचे उत्तर आपण काय देणार आहोत?

इतिहासात याचे काही धडे आहेत. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाटीवाटीच्या चाळींनी किती जीव घेतले हे सरकारला दिसले आणि १८९८ साली मुंबई सुधार मंडळ, म्हणजे प्रसिद्ध इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाले. त्याने जुन्या वस्तीत रस्ते पाडले. परंतु त्याचे टिकाऊ काम दिसते ते दादर-माटुंग्याकडे. तेथे मोकळ्या जमिनीवर आधी रस्ते व बागा आखल्या, मग घरे उठली. घरे झाल्यावर बाग काढणे महाग. बाग आखून घरे बांधणे स्वस्त. धडा एवढा साधा आहे.

पुढे १९१५ साली मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला. त्यातील युक्ती आम्हांस फार न्यायाची वाटते. अनेक मालकांच्या वेड्यावाकड्या जमिनी एकत्र मांडायच्या, त्यांतून रस्ते व मोकळ्या जागा काढायच्या, आणि उरलेली जमीन नीट भूखंडांच्या रूपाने ज्याची त्याला परत द्यायची. पुण्यात भांबुर्ड्याच्या शेतांवर, म्हणजे आजच्या शिवाजीनगरात, अशी योजना झाली. एकाचे सारे गेले आणि दुसऱ्याचे सोने झाले, असे येथे होत नाही. प्रत्येकाचे थोडे जाते.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपली राजधानी हैदराबाद, म्हणून तेथलाही दाखला घेऊ. १९०८ साली मुसी नदीला महापूर आला. त्यानंतर विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्याने उस्मानसागर व हिमायतसागर हे तलाव झाले. पूर आवरला आणि शहराला पाणी मिळाले. त्यांचे पाणलोट शुद्ध राहावे म्हणून १९९६ साली सरकारने हुकूम काढला व भोवतालच्या ८४ गावांत बांधकामावर कडक बंधने घातली. हेतू उत्तम होता. परंतु शहर पाणी पिई आणि जमिनीचा भाव पडल्याचा तोटा सोसायचा तो त्या गावांनी. गाऱ्हाणी वर्षानुवर्षे चालली आणि २०२२ साली तो हुकूम मागे घेतला गेला. एकाच्या माथ्यावर लादलेली हिरवळ फार काळ टिकत नाही.

महाराष्ट्राचा कायदा १९६६ चा, प्रादेशिक व नगररचनेचा. त्याने राहण्याचा, उद्योगाचा व शेतीचा विभाग वेगळा दाखवण्याची सोय केली. उद्याने व मैदाने यांसाठी आरक्षणे ठेवता येऊ लागली. मात्र त्याच कायद्यात असेही आहे की, दहा वर्षांत आरक्षित जमीन संपादन झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्या नोटिशीच्या मुदतीतही काही झाले नाही तर आरक्षण संपते. हे मालकाच्या दृष्टीने योग्यच आहे. नकाशावर हिरवा रंग भरायला खर्च नाही. जमिनीवर तो ठेवायला नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात रक्कम लागते.

आपल्या शहरांत काय झाले? एकरात चाळीस गुंठे. शेतकऱ्याने ते एकेक करून विकले. पिकात भागत नव्हते म्हणून त्याने विकले, मंजूर भूखंड परवडत नव्हता म्हणून गरिबाने घेतले. दोघांपैकी कोणास दोष द्यावा? २००१ साली गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा आला. त्यात १ जानेवारी २००१ ची मर्यादा होती. पुढे २०२१ साली ती मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत सरकवली गेली. राहत्या घरावर कुदळ मारावी असे आम्ही म्हणत नाही. पण दर माफीबरोबर पुढच्या माफीची आशा वाढते, आणि बागेची जागा मात्र कोणत्याही माफीने परत येत नाही.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. शहर वाढणारच, त्याला आधी जागा आखून द्यावी, आणि ती कालव्याखालच्या जमिनीवर नसावी. जी मोकळी ठेवायची तिचा भार योजनेत सर्वांनी वाटून घ्यावा, किंवा तिचे मोल वेळेवर चुकते करावे. यात नागरिकांचाही वाटा आहे. विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो, हरकती मागवल्या जातात. त्या दिवसांत नगरपालिकेत जाऊन नकाशा पाहणारे आपल्यापैकी किती? पूर्वी शीव कोठे आहे हे गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक असे. आपल्या शहराची शीव कोठे आहे, एवढे तरी आपण पुढच्या वसंतापर्यंत पाहून ठेवू.