चित्रकादंबरी : शाळा आणि ग्रंथालयांतील उपयोग

चित्रे आणि शब्द यांच्या मेळातून उलगडणारी, पुस्तकाच्या विस्ताराची सलग कथा म्हणजे चित्रकादंबरी, अर्थात ग्राफिक नॉव्हेल. विल आयस्नर यांच्या १९७८ मधील ‘अ कॉन्ट्रॅक्ट विथ गॉड’ या पुस्तकामुळे ही संज्ञा रूढ झाली. आर्ट स्पीगलमन यांच्या ‘माउस’ला १९९२ मध्ये विशेष पुलित्झर पुरस्कार मिळाला. ज्यूंच्या नरसंहारासारखा विषयही हा प्रकार पेलतो, हे त्यातून मान्य झाले.

भारतात अनंत पै यांच्या ‘अमर चित्र कथा’ने १९६७ पासून याची पायवाट घातली. वर्गात विशेष उपयुक्त ठरते ते २०११ चे ‘भीमायन’. दुर्गाबाई व सुभाष व्याम या गोंड कलावंतांनी त्यात डॉ. आंबेडकरांचे अनुभव चितारले आहेत. बोचऱ्या शब्दांच्या फुग्याला तेथे विंचवाची नांगी आहे, तर मृदू बोल पक्ष्याच्या आकारात येतात. अस्पृश्यतेची व्याख्या पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला तिचा दंश येथे डोळ्यांना दिसतो.

हैदराबादच्या काचीगुडा परिसरातील मराठी कुटुंबांसाठी या साधनाचे महत्त्व आणखी वेगळे आहे. तेलंगणात २०१८ च्या कायद्याने शाळांत तेलुगू अनिवार्य आहे; शिक्षणाचे माध्यम बहुधा इंग्रजी. घरी मराठी बोलणारे मूल मराठी अक्षरांपुढे मात्र अडखळते. १९०७ मध्ये विवेकवर्धिनीसारखी संस्था उभारणाऱ्या या शहरात मराठी ग्रंथांना उद्याचा वाचक मिळेल का, हा प्रश्न म्हणूनच खरा आहे.

येथे एक साधी रीत उपयोगी पडते. इंग्रजी चित्रकथेच्या पानावरील फुगे कोऱ्या कागदाने झाकावेत, चित्र पाहून मुलांना त्यांत मराठी संवाद लिहू द्यावेत आणि मग ते मोठ्याने वाचून घ्यावेत. कानावरची भाषा अशी हळूहळू लेखणीत उतरते.

मर्यादाही ध्यानी घ्याव्यात. चित्रे आहेत म्हणजे पुस्तक बालवाङ्मयच, हा समज चुकीचा आहे. ग्रंथपालाने पुस्तक आधी स्वतः वाचून वयोगट ठरवावा. चित्रकादंबरी गद्याची जागा घेऊ शकत नाही. ‘भीमायन’शेजारी धनंजय कीर यांचे आंबेडकरचरित्र ठेवले, तरच चित्रापासून ग्रंथापर्यंतची वाट मुलांना सापडेल.