'विचलन' म्हणजे काय? गुन्हा कुठला, हे कोण ठरवतं?
समाजाने आखलेल्या चौकटीबाहेरचं वागणं म्हणजे 'विचलन'. माणसाला चौकटीत ठेवणारी यंत्रणा म्हणजे 'सामाजिक नियंत्रण'. त्यात कायदा-पोलीस येतात, तसा 'लोक काय म्हणतील?' हा धाकही.

पण चौकट बदलते. १८६०च्या भारतीय दंडविधानातल्या कलम ३७७मुळे समलैंगिक संबंध गुन्हा ठरले. हे कलम लागू असतानाच १९९४मध्ये मुंबईत समलैंगिकांसाठी 'हमसफर ट्रस्ट' सुरू झाला. सांताक्रूझच्या वाकोल्यात चक्क महापालिकेच्या जुन्या इमारतीतून त्याचं काम चाललं.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : प्रौढांमधले परस्पर संमतीचे समलैंगिक संबंध गुन्हा नाहीत. कायद्याची भीती गेली. 'लोक काय म्हणतील?' हा प्रश्न मात्र अनेक घरांत अजून विचारला जातो.