मगनदीपाची कुळकथा

दहावीचा ‘कार्बनी संयुगे’ हा धडा बहुतेक मुलं घोकून काढतात. आंजी (मोठी) गावच्या मुलांना तसं करायची गरज नाही. आर्वी रस्त्याने वर्ध्याला गेलं की त्यांना या धड्यातलं निम्मं रसायन एका दिव्याच्या गोष्टीत सापडेल.

डिसेंबर १९३४ मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याच्या मगनवाडीत त्याचं काम सुरू झालं. मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ हे नाव पडलं. संघाचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा हे हिशेबतपासनीस. खेड्यातला पैसा घासलेटच्या डब्यातून बाहेर जातो, आणि जमिनीतला साठा एकदा उपसला की संपतो, हे त्यांना खटकलं. तीळ, जवस, करडई दर हंगामाला पिकतात. मग दिवा त्यांच्याच तेलावर का पेटू नये? मगनदीप जन्मला तो या हिशेबातून.

पण घासलेटच्या कंदिलात नुसतं गोडं तेल ओतून भागत नाही. कार्बनचा अणू चार सहसंयुज बंध करतो, आणि दुसऱ्या कार्बनला जोडला जात लांब साखळी तयार करतो. घासलेटमध्ये साधारण दहा ते सोळा कार्बनचे सुटे रेणू असतात; घासलेट पातळ असल्याने वातीतून सरसर वर चढतं. गोड्या तेलाच्या रेणूत मेदाम्लांच्या तीन साखळ्या एका ग्लिसरॉलला जोडलेल्या, आणि बहुतेक साखळ्या अठरा कार्बनच्या. असं जड, दाट तेल उंच वातीवर चढता चढता दमतं. पणती उथळ का असते, याचं उत्तर इथेच आहे: तेल ज्योतीच्या लगत हवं.

जवसाची तऱ्हा आणखी वेगळी. त्याच्या मुख्य मेदाम्लात तीन दुहेरी बंध. हवेतला ऑक्सिजन तिथे चिकटतो आणि तेलावर साय धरते. रंगाऱ्याला ते हवंच असतं. वात मात्र कडक होते.

हवा कमी पडली की ज्वलन अपुरं राहतं. ज्योतीवर तांब्याची ताटली उपडी धरा. खाली जमेल ते काजळ म्हणजे जवळजवळ निव्वळ कार्बन. कंदिलाची काच खालून हवा ओढून घेते, म्हणून काजळी कमी.

मगनदीप घरोघर गेला नाही. घासलेट सोयीचं होतं, पुढे वीज आली. कुमारप्पांचा हिशेब मात्र चुकला नव्हता: तिळाच्या तेलातला कार्बन गेल्या हंगामापर्यंत हवेत होता, घासलेटमधला कोट्यवधी वर्षं जमिनीत.

३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींनी उघडलेलं मगन संग्रहालय वर्ध्यात आजही आहे. धडा आधी वाचा, मग तिथे जा, आणि मगनदीपाबद्दल जरूर विचारा.