मज्जातंतूंचे सोबती : एका शोधाचा इतिहास



किरनापूरचा आपला बालाघाट जिल्हा आणि वर्धा जिल्हा १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या एकाच राज्यात होते. त्या वर्ध्याजवळ दत्तपूर येथे १९३६ साली मनोहरजी दिवाण यांनी कुष्ठसेवेस आरंभ केला. सेवाग्रामात गांधीजींनी परचुरेशास्त्रींची शुश्रूषा स्वहस्ते केली. सेवेचा हा इतिहास आपणांस परिचित आहे. कुष्ठरुग्णाचे हात बधिर का होतात, या शोधाचा इतिहास मात्र तितका परिचित नाही.

१८३९ साली थिओडोर श्वान यांनी मज्जातंतूंना वेढणाऱ्या पेशींचे वर्णन केले. १८५० साली ऑगस्टस वॉलर यांनी बेडकाच्या जिभेचा मज्जातंतू कापला, तेव्हा छेदापलीकडील भाग झडून जातो असे त्यांना आढळले. १८५६ साली विर्खो यांनी मेंदूतील आधारद्रव्यास ‘न्यूरोग्लिया’, म्हणजे चेतासंस्थेचा सरस, असे नाव दिले. या नावामुळे ग्लिया पेशी दीर्घकाळ केवळ चिकटवणाऱ्या मानल्या गेल्या.

वस्तुस्थिती निराळी निघाली. तंतू तुटताच त्याभोवतीच्या श्वान पेशीत संकेतांची साखळी सुरू होते. ‘सी-जून’ हे प्रथिन वाढते. पेशी मायेलिनचे वेष्टन बनविणे सोडते, मोडतोड साफ करते, भक्षक पेशींना पाचारण करते आणि रांगेत उभी राहून नव्या तंतूस वाट दाखविते. त्या वाटेने तंतू दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढतो.

१८७३ साली हॅन्सन यांना आढळलेला कुष्ठजंतू नेमका याच पेशींत वस्ती करतो. २००६ साली रामबुक्कना व सहकाऱ्यांनी दाखविले की, हा जंतू पेशीवरील ‘एर्बबी-२’ या ग्राहक प्रथिनास थेट चिकटतो आणि मायेलिन उतरविणारा संकेत स्वतःच चालू करतो. घरात शिरलेल्या चोराने घरच्याच किल्ल्या वापराव्या, तसा हा प्रकार! पुढे शरीराचा प्रतिकारही मज्जातंतूची हानी वाढवितो.

१९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेली बहुविध औषधयोजना जंतूंचा नाश करते. पण फार काळ बधिर राहिलेला हात ती हमखास परत देऊ शकत नाही. म्हणून न दुखणारा बधिर चट्टा दिसताच रुग्णास दवाखान्यात नेणे, हाच या इतिहासाचा आपणांस बोध आहे. त्याला दूर लोटले तर तो चट्टा लपवील, आणि लपविण्यात गेलेले महिनेच त्याचा हात हिरावून नेतील.