समज, रूढी की अंधश्रद्धा? अमावास्येच्या बंद लिलावाला नेमकं काय म्हणायचं?

नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यातलं विंचूर हे कांद्याचं गाव. लासलगाव बाजार समितीचं उपबाजार आवार इथे आहे. या पट्ट्यातला शेतकरी कांदा काढताना आभाळ बघतो आणि विकायला नेताना कॅलेंडर. त्याचं एक जुनं कारण म्हणजे अमावास्या. 1947 साली स्थापन झालेल्या लासलगाव बाजार समितीत अमावास्येला कांद्याचे लिलाव न करण्याची पद्धत सुमारे पाऊण शतक चालली. अलीकडच्या वर्षांत ती मोडून अमावास्येलाही लिलाव सुरू झाले.

या पद्धतीला कोणी परंपरा म्हणतं, कोणी अंधश्रद्धा, तर कोणी नुसती सुट्टी. सर्वांनी मान्य केलेल्या गोष्टींसाठी मराठीत बरेच शब्द आहेत, पण त्यांचे अर्थ सारखे नाहीत.

डोक्यात असतं ते

समज : लोक जे खरं धरून चालतात ते. ‘अमावास्या अशुभ, असा समज आहे’ या वाक्यात बोलणारा बाजू घेत नाही. समज चुकीचा ठरला की तो गैरसमज होतो.

समजूत : यात भावना जास्त असते, म्हणून समजूत ‘घालता’ किंवा ‘काढता’ येते. गावाची मिळून असते ती लोकसमजूत.

गृहीतक : पुरावा न मागता आधीच मान्य केलेली गोष्ट. हा अभ्यासातला शब्द आहे.

तोंडात असतं ते

वदंता, प्रवाद : मूळ कोणालाच माहीत नसलेली, पण सगळीकडे पसरलेली गोष्ट. बोलीत हीच सांगोवांगी.

‘म्हणे’ : दोन अक्षरांत जबाबदारी झटकणारा शब्द. ‘अमावास्येला सौदा केला की नुकसान होतं म्हणे.’ कोण म्हणे, ते कोणी सांगत नाही. ‘शास्त्र असतं ते’ हे मीम याच सवयीची थट्टा करतं.

वागण्यात असतं ते

पायंडा : कोणीतरी पहिल्यांदा करतं, बाकीचे त्या पावलांवर चालतात.

वहिवाट : वर्षानुवर्षांच्या वापराने पक्की झालेली पद्धत. शेतरस्त्याच्या वादात हा शब्द हमखास येतो.

रूढी : समाजात मुरलेली रीत. ‘शास्त्राद् रूढिर्बलीयसी’, म्हणजे शास्त्रापेक्षा रूढी बलवान, असं संस्कृत वचनच आहे.

परंपरा : पिढ्यान् पिढ्या चालत आलेली गोष्ट. या शब्दात आदर आहे, त्यामुळे तिच्यावर प्रश्न विचारणं अवघड जातं.

मग अंधश्रद्धा कशाला म्हणायचं?

हा शब्द थेट निवाडा देतो, म्हणूनच तो वादाचा ठरतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या कायद्यासाठी अनेक वर्षं लढा दिला, तो त्यांच्या हत्येनंतर 2013 मध्ये झाला. त्याच्या अधिकृत नावात ‘नरबळी’, ‘अघोरी प्रथा’, ‘जादूटोणा’ हे शब्द आहेत, ‘अंधश्रद्धा’ मात्र नाही.

शब्दाने काय फरक पडतो?

वर्षात साधारण बारा अमावास्या येतात. खरिपाचा लाल कांदा फार टिकत नाही, उन्हाळी कांद्यासारखा तो महिनोन् महिने चाळीत ठेवता येत नाही. बाजार बंद म्हणजे माल पडून राहतो. दुसऱ्या दिवशी आवक वाढली तर भावही पडू शकतो. या दिवसाला ‘परंपरा’ म्हटलं की नुकसानीचा हिशोब कोणी मांडत नाही. ‘पायंडा’ म्हटलं, की तो बदलता येतो हे लक्षात येतं.

गंमत म्हणजे दिवाळीचं लक्ष्मीपूजन होतं ते आश्विन अमावास्येला. व्यापारी त्याच दिवशी हिशोबाच्या वह्यांची पूजा करतात. एरवी अशुभ मानलेली तिथी तेव्हा शुभ ठरते. अमावास्येच्या सौद्यात कोणाचं नुकसान झालंच असेल, तर त्यासाठीही मराठीत म्हण आहे : कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ.

थोडक्यात

- लोक काय मानतात हे नुसतं सांगायचं असेल तर ‘समज’.
- लोक काय करतात ते सांगायचं असेल तर ‘रूढी’ किंवा ‘प्रथा’.
- चूक सिद्ध करता येत असेल तर ‘गैरसमज’.
- मूळ माहीत नसलेला मेसेज आला तर ती ‘वदंता’. ती फॉरवर्ड करण्याआधी ‘कोण म्हणे?’ एवढं विचारावं.