थरांचा वाफा

जमीन न नांगरता, तिच्यावरच पालापाचोळा, पिकांचे अवशेष, शेण आणि माती यांचे एकावर एक थर रचून तयार केलेला लागवडीचा उंच वाफा. थर जागच्या जागी कुजतात आणि त्यांतच भाजीपाला, फुलझाडे किंवा वेल लावतात. कंपोस्टच्या खड्ड्यातले खत उपसून शेतात वाहून न्यावे लागते; इथे खत बनते तिथेच मुळे उतरतात. पॅट्रिशिया लान्झा यांच्या १९९८ मधील पुस्तकामुळे ही पद्धत अमेरिकेत ‘लझान्या गार्डनिंग’ या नावाने गाजली. त्यामुळे ती परदेशी मानली जाते. काळ्या मातीच्या मुलखाला मात्र थर रचून कुजवण्याचे शास्त्र त्याच्या कितीतरी आधीपासून परिचित आहे.

पूर्वपीठिका : इंदूरच्या संशोधन संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी १९२० च्या दशकात शेतातल्या टाकाऊ पदार्थांपासून खत करण्याची ‘इंदूर पद्धत’ बसवली, त्यावरचे त्यांचे पुस्तक १९३१ मध्ये निघाले. माळव्याची काळी माती आणि मराठवाड्याची काळी माती एकाच बेसाल्ट खडकाची, पीकही तेच कापसाचे. त्यामुळे हॉवर्ड-वाड यांची मुख्य अडचण मराठवाड्यातल्या जालन्याच्या शेतकऱ्याला आजही ओळखीची वाटेल. पऱ्हाटी, म्हणजे कापूस वेचल्यावर उरलेले वाळले झाड, लवकर कुजत नाही. हॉवर्ड यांनी पऱ्हाट्या गाडीरस्त्यावर पसरून त्या येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली चिरडून घेतल्या आणि मगच थरात घातल्या.

महाराष्ट्रात हे शास्त्र घरोघरी पोचवले ते यवतमाळ जिल्ह्यातील पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांनी. त्यांच्या नावावरूनच ‘नाडेप’ खत ओळखले जाते. जाळीदार विटांच्या, सुमारे १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच टाक्यात काडीकचरा, शेणकाला (पाण्यात कालवलेले शेण) आणि माती यांचे थर भरतात. शे-सव्वाशे किलो शेणात जवळपास ३ टन खत तीन-चार महिन्यांत तयार होते. शेण थोडे, काडीकचरा आणि माती भरपूर, हे नाडेपचे मर्म थरांच्या वाफ्यातही तेच आहे. टाक्याच्या विटा तेवढ्या वजा होतात.

परसातल्या छोट्या तुकड्याकडे गणिती नजरेने पाहिले श्रीपाद अच्युत दाभोळकर (१९२४–२००१) यांनी. त्यांच्या ‘प्रयोग परिवारा’ने दहा गुंठ्यांत कुटुंबाचे पोट भरण्याचा हिशेब मांडला. त्यांच्याच विचारातून दीपक सचदे यांनी ‘अमृत माती’ची रीत बांधली: शेण, गोमूत्र व गूळ यांच्या तीन दिवस मुरवलेल्या पाण्यात काडीकचरा भिजवायचा, त्याचे मातीबरोबर थर देऊन १० फूट लांब, ३ फूट रुंद, १ फूट उंच ढीग करायचा, त्यावर नाना प्रकारचे बी पेरायचे आणि उगवलेले कोवळे रोप कापून पुन्हा त्याच ढिगात मिसळायचे. मुंबईत पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी फुलवलेली बाग याच परंपरेतली.

जालन्याची जमीन : १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेल्या या जिल्ह्यात पाऊस सरासरी ६५० ते ७५० मिमी पडतो, तोही एकसारखा नाही. गोदाकाठच्या अंबड, घनसावंगी, परतूर भागात भारी काळी जमीन आढळते. भोकरदन, जाफराबादच्या चढावर हलकी, मुरमाड. दोन्ही ठिकाणी वाफ्याचा उपयोग होतो, पण उलट कारणांनी. काळी माती पावसात फुगते, चिबडते आणि वाफसा यायला दिवस लावते; उन्हाळ्यात तिलाच हातभर भेगा पडतात. तिच्यावरच्या उंच वाफ्यात मुळांना हवा मिळते. मुरमाड जमिनीत पाणी थांबतच नाही, तिथे कुजलेला थर ते धरून ठेवतो. जिल्ह्यातील बहुतेक जमिनी चुनखडीयुक्त, विम्लधर्मी आणि सेंद्रिय कर्बाला पारख्या झालेल्या आहेत. हा कर्ब भरून काढणे हा वाफ्याचा खरा हेतू.

साहित्य : पऱ्हाट्या आणि तुराट्या बांधावर जाळल्या जातात, सोयाबीनची गुळी (मळणीनंतरचा भुसा) वाऱ्यावर उडते, अंबड-घनसावंगीकडच्या उसाचे पाचट पेटवून देतात. वाफ्याचा कच्चा माल हाच. तुतीच्या बागा वाढल्यापासून रेशीम कीटकांची विष्ठा आणि पाने खाऊन उरलेल्या फांद्याही मिळू लागल्या. ही विष्ठा नत्राने चांगली समृद्ध असते. हिरव्या थरासाठी गिरिपुष्प, सुबाभूळ, कडुनिंब, करंज यांचा पाला वापरावा. गाजरगवत फुलोऱ्यापूर्वी उपटले असेल तरच चालते. कडबा मात्र वाफ्यात घालू नये. चाऱ्याची टंचाई दर काही वर्षांनी भोगणाऱ्या जिल्ह्यात जनावराच्या तोंडचा घास मातीत घालणे कुठल्याही सेंद्रिय तत्त्वात बसत नाही.

पऱ्हाटीबाबत एक पथ्य कडक पाळावे लागते. वाळल्या बोंडांत शेंदरी बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत तग धरते. म्हणून अख्ख्या पऱ्हाट्यांची गंजी ठेवू नये. शेवटच्या वेचणीनंतर लगेच किडकी बोंडे काढून नष्ट करावीत आणि यंत्राने बारीक कुट्टी करूनच साठवण करावी.

रचना : वाफा ३ फूट रुंद असावा, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचतो आणि आत पाय पडत नाही. लांबी जागेप्रमाणे, पण वाफा घराच्या भिंतीला चिकटवू नये, वाळवीला तो पूल ठरतो. जागेवरचे गवत कापून तिथेच पाडावे, पाणी मारावे, वर चिकटपट्टी आणि पिना काढलेले साधे पुठ्ठे कडा एकमेकांवर चढवून अंथरावेत. त्यावर सहा इंच पऱ्हाटी-तुराटीची कुट्टी, त्यावर शेणकाला, मग दोन-तीन इंच हिरवा पाला, चार-पाच इंच गुळी किंवा वाळला पाचोळा आणि इंचभर माती. हाच क्रम दीड-दोन फूट उंचीपर्यंत. शेवटी मुरलेले शेणखत व माती यांचा तीन इंचांचा थर आणि वर पाचटाचे आच्छादन. प्रत्येक थर मुठीत दाबला तर ओलसर लागावा, पाणी ठिबकू नये. दोन-तीन महिन्यांत वाफा निम्म्यावर बसतो.

हिरवे आणि वाळले का मिसळायचे, याचे कारण कर्ब-नत्र गुणोत्तरात आहे. जिवाणूंना २५ ते ३० भाग कर्बामागे एक भाग नत्र लागते. पऱ्हाटीत आणि पुठ्ठ्यात कर्ब त्याहून कितीतरी जास्त असतो. नुसता तोच माल भरला तर जिवाणू नत्रासाठी रोपाशी स्पर्धा करतात आणि रोपे पिवळी पडतात. उलट नुसता ओला शेण-पाला भरला तर ढीग तापतो, आंबतो, वास मारतो.

हंगाम : परदेशी पुस्तकांत वाफा पानगळीच्या ऋतूत रचायला सांगितलेला असतो. इकडे ते वेळापत्रक निरुपयोगी आहे. वाळले थर भिजवायला भरपूर पाणी लागते आणि टंचाईच्या वर्षी फेब्रुवारीनंतर जालन्याच्या कित्येक गावांत पिण्याचे पाणी टँकरने येते. कुट्टी आणि पाचोळा उन्हाळ्यात जमवून ठेवावा आणि मृगाचे एक-दोन पाऊस झाल्यावर थर रचावेत. भिजवण्याचे काम पाऊस फुकट करतो. लगेच लावायचेच असेल तर भोपळा, दोडका, काकडी ओंजळभर मातीच्या खळग्यात लावावी. वांगी, मिरचीची रोपेही तशीच जगतात. मेथी, पालक ऑक्टोबरात, थर मुरल्यावर. मुळा-गाजर पहिल्या हंगामात नको, अर्धवट कुजलेल्या काड्यांत त्यांना फाटे फुटतात.

अडचणी : सर्वांत मोठी वाळवी. ती कोरड्या थरात शिरते, ओलाव्यात फारशी टिकत नाही. तेव्हा वाफा सुकू न देणे हाच पहिला उपाय. कच्च्या शेणाबरोबर हुमणीच्या अळ्या येतात, म्हणून वरच्या थरात मुरलेलेच खत घ्यावे. पुठ्ठ्याखाली बहुतेक तण मरते, पण लव्हाळा आणि हराळी मरत नाहीत. लव्हाळ्याच्या गाठी आधी खणून काढाव्याच लागतात. ‘न खणता बाग’ हे वचन तिथे लंगडे पडते. मोसंबीच्या बुंध्याला ओले थर कधीही टेकवू नयेत, डिंक्या रोगाला आमंत्रण मिळते. खोडापासून दोन-तीन फूट मोकळे सोडावेत.

मर्यादा : दहा बाय तीन फुटांच्या एका वाफ्याला दीड फूट उंचीने ४५ घनफूट माल लागतो. याच हिशेबाने एक एकर झाकायला ६५,००० घनफुटांहून अधिक लागेल, आणि एकरभर कपाशीतून पऱ्हाटी निघते ती साधारण टनभर. म्हणून थरांचा वाफा ही शेताची पद्धत नव्हे. शेताला पिकांच्या अवशेषांचे आच्छादन, किंवा नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेली कायमच्या गादीवाफ्यांची, नांगरणीविना सगुणा पद्धत अधिक परवडते. वाफ्याची जागा परसात, शाळेच्या किंवा अंगणवाडीच्या आवारात आहे. ‘उमेद’ अभियानातल्या बचत गटांच्या पोषण परसबागांना तो नेमका जुळतो, कारण तिथे जागा थोडी, माणसे बरीच आणि सांडपाणी हाताशी असते. साबण-सोड्याचे पाणी वगळून भांडी-भाजी धुतलेले पाणी दोन-तीन वाफ्यांना पुरते. दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला सहा-आठ इंच नवा थर दिला तर वाफा वर्षानुवर्षे चालतो. न दिल्यास दोन-तीन वर्षांत तो जमिनीच्या पातळीला येतो.