अधिकाऱ्याची बुद्धि आणि तिची परीक्षा

सैन्यांत शिपाई कोणास करावें हा प्रश्न राज्यकर्त्यांस फारसा कधीं अडला नाहीं. अधिकारी कोणास करावें हा मात्र नेहमींच अडला. भाईंदरजवळ उत्तन-चौकच्या टेकडीवर, वसईच्या समोर, धारावीचा किल्ला आहे. १७३९ सालीं मराठ्यांनीं तो पोर्तुगीजांपासून घेतला, तेव्हां मोहिमेचा सेनापति पेशव्यांचा सख्खा भाऊ चिमाजी अप्पा होता. पेशव्यांस असा भाऊ लाभला हा दैवयोग होय; परंतु दैवयोगावर सैन्याची घडी बसवितां येत नाहीं, आणि सरदारी घराण्यांतून वंशपरंपरा चालूं लागल्यावर काय होतें हें मराठ्यांच्या पुढच्या इतिहासानें पुरतेपणीं दाखविलें आहे.

आज त्याच टापूंत मिरा-भाईंदरचें शहर वसलें आहे. २००१ च्या खानेसुमारींत येथें ५,२०,३८८ माणसें होतीं, २०११ च्या खानेसुमारींत ८,०९,३७८. मिठागरांच्या आणि कोळीवाड्यांच्या शेजारीं उभ्या राहिलेल्या इमारतींत जीं कुटुंबें आलीं, तीं बहुतेक पोटापाण्याच्या उद्योगासाठीं. त्यांच्यामागें ना जहागीर, ना पलटणींत नांव काढलेला आजा. अशा घरांतील मुलास किंवा मुलीस सैन्याचा अधिकारी व्हावयाचें तर वाट परीक्षेंतून जाते, आणि त्या परीक्षेंतील सर्वांत विलक्षण भाग म्हणजे तर्कबुद्धीचा. हा भाग तेथें कसा आला हें समजलें म्हणजे त्याची तयारी किती व कशी करावी याचाही उलगडा होतो.

इंग्रजी अमदानींत हिंदी माणसाची मजल सुभेदार-मेजरच्या पलीकडे जात नसे. १९१७ सालीं राजाची सनद हिंदी लोकांस मिळूं शकेल असें जाहीर झालें आणि सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयांत वर्षाकांठीं दहा जागा त्यांच्यासाठीं राखण्यांत आल्या. एवढ्या विशाल देशास जागा दहा! त्यांची निवड शिफारशीनें व मुलाखतीनें होई. मुलाचें घराणें कोणतें, बापानें सरकारची सेवा काय केली, मुलाची ऐट आणि इंग्रजी बोलणें कसें, इकडे पाहणाऱ्यांची नजर आधीं जाई. त्या वाटेनें चांगली माणसें मुळींच आलीं नाहींत असें नव्हे. १९२६ सालीं सँडहर्स्टहून बाहेर पडलेले शंकरराव थोरात पुढें लेफ्टनंट जनरल झाले. पण अशा पद्धतींत चांगला मनुष्य सांपडणें हा योगायोग असतो. शिपायांच्या भरतीलाही तेव्हां लढाऊ जातींची कसोटी लागे. ज्या महारांनीं कंपनीच्या फौजेंत पिढ्यान् पिढ्या चाकरी केली, त्यांची भरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस थांबविण्यांत आली. पहिल्या महायुद्धांत ती थोडा काळ उघडली, पुन्हां बंद झाली, आणि महार रेजिमेंट उभी राहण्यास १९४१ साल उजाडावें लागलें.

१९३१ सालच्या समितीनें हिंदुस्थानांतच लष्करी विद्यालय काढण्याची योजना आंखली. तींत नागपूरचे डॉक्टर बाळकृष्ण शिवराम मुंजे होते. त्यांनींच पुढें १९३७ मध्यें नाशिक येथें भोंसला मिलिटरी स्कूल सुरू केलें. डेहराडूनची अकादमी १९३२ सालीं उघडली. पहिल्या तुकडींत चाळीस विद्यार्थी होते. त्यांतले पंधरा खुल्या स्पर्धापरीक्षेनें आलेले. ह्या पंधरांच्या यादींत सहावा क्रमांक अमृतसरच्या एका पारशी डॉक्टरच्या मुलाचा होता. त्याचें नांव सॅम माणेकशा. जो दरवाजा आजवर वशिल्याच्या किल्लीनें उघडे, तो कागद-पेन्सिलीनेंही उघडूं शकतो, हें त्या वर्षीं प्रथम दिसलें. तथापि ती परीक्षा पाठांतराची व शालेय विषयांची होती. ज्यास चांगली शाळा मिळाली त्याचें पारडें तींत साहजिकच जड होई.

शाळेंत काय शिकविलें गेलें हें न विचारतां माणूस विचार कसा करतो तें मोजतां येईल काय, हा प्रश्न तोंवर युरोप-अमेरिकेंत पुष्कळ पुढें गेला होता. फ्रान्समध्यें आल्फ्रेड बिने यानें १९०५ सालीं शाळकरी मुलांसाठीं बुद्धिमापनाची पहिली श्रेणी तयार केली. १९१७ मध्यें अमेरिका युद्धांत उतरली, तेव्हां तिच्या सैन्यानें सुमारें सतरा लाख माणसांची अशी परीक्षा घेतली. साक्षरांसाठीं एक पत्रिका, निरक्षरांसाठीं चित्रांची दुसरी. आंकड्यांची मालिका पुरी करणें, शब्दांची जोडी ओळखणें, विस्कटलेलें वाक्य सरळ करणें, हे आजच्या उमेदवाराच्या ओळखीचे प्रश्न त्या वेळच्या पत्रिकेंत होते. पण त्या आंकड्यांवरून कार्ल ब्रिगॅम ह्या पंडितानें १९२३ सालीं भलताच निष्कर्ष काढला: दक्षिण व पूर्व युरोपांतून आलेले लोक जन्मतःच मंदबुद्धि! खरी गोष्ट ही कीं, अमेरिकेंत जो जितकीं वर्षें अधिक राहिलेला, तितके त्याचे गुण अधिक आले होते. म्हणजे परीक्षेनें बुद्धीबरोबर भाषेचा सहवासही मोजला होता. १९३० सालीं ब्रिगॅमनें आपलें मत जाहीरपणें मागें घेतलें. विद्वान् मनुष्य आपली चूक छापून कबूल करतो हें दृश्य दुर्मिळ आहे, म्हणून त्याची नोंद येथें घ्यावयास हवी.

आपल्याकडे ही अडचण वि. वि. कामत यांनीं ओळखली होती. बिनेची श्रेणी नुसती भाषांतरित करून चालणार नाहीं हें जाणून त्यांनीं ती मराठी व कानडी मुलांसाठीं नव्यानें बेतली. त्यांचा ग्रंथ १९४० सालीं प्रसिद्ध झाला.

दुसऱ्या महायुद्धानें हा विषय प्रयोगशाळेंतून काढून छावणींत नेला. १९३९ मध्यें हिंदी अधिकारी सुमारें चारशें होते, युद्ध संपेतों त्यांची संख्या आठ हजारांवर गेली. इतकीं माणसें घराणीं पाहून मिळणें शक्य नव्हतें, आणि घटकाभराच्या मुलाखतीवर विसंबणेंही धोक्याचें होतें. ब्रिटननें १९४२ सालीं अधिकारी-निवडमंडळें स्थापिलीं. १९४३ मध्यें तोच प्रयोग डेहराडूनला सुरू झाला. बुद्धीच्या चाचण्या, मानसशास्त्रज्ञाच्या कसोट्या, गटानें करावयाचीं कामें आणि मुलाखत अशी चौफेर पाहणी कांहीं दिवस चाले. स्वातंत्र्यानंतर हीच पद्धति देशानें ठेवली, आणि आजचें सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्ड हें तिचेंच अपत्य होय.

आतां सद्यःस्थिति. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या लेखी परीक्षेंत, तसेंच पदवीधरांच्या कंबाइंड डिफेन्स सर्व्हिसेस परीक्षेंत, तर्कबुद्धीची स्वतंत्र पत्रिका नाहीं. ती आहे हवाई दलाच्या सामायिक प्रवेशपरीक्षेंत, जिला सर्वजण ॲफकॅट म्हणतात: शंभर प्रश्न, तीनशें गुण, वेळ दोन तास, आणि भाषा इंग्रजी. परंतु निवडमंडळापुढें पहिल्या दिवशीं शब्दांची व आकृतींची बुद्धिचाचणी सर्वांनाच द्यावी लागते, मग उमेदवार कोणत्याही दलाचा असो.

हे प्रश्न दिसतात पोरखेळासारखे. खोडी आहे ती भाषेंत. एक बाई छायाचित्र दाखवून म्हणते, "ह्याच्या आईचा बाप तोच माझ्या बापाचा बाप." इंग्रजींत ह्या दोघांस एकच गुळगुळीत शब्द लागतो, 'कझिन'. मराठी मुलगी क्षणांत सांगेल कीं तो तिचा आतेभाऊ आणि ती त्याची मामेबहीण. भाषेनें नात्याचा अर्धा हिशेब तिच्यासाठीं आधींच करून ठेवलेला असतो. उलट प्रश्नांत 'अंकल' आला म्हणजे घाईनें 'काका' समजून पुढें जाणारा फसतो, कारण तो मामा असूं शकेल, आत्याचा नवरा असूं शकेल, मावशीचाही असूं शकेल. 'ब्रदर-इन-लॉ' ह्या एका शब्दांत तर मेहुणा, दीर, बहिणीचा नवरा आणि साडू हे चौघेही दडून बसतात. इंग्रजी पत्रिका सोडवितांना कोऱ्या कागदावर वंशवृक्ष मराठींतून काढावा, ही सूचना शिकवणीवर्गांच्या जाड पुस्तकांत सहसा आढळत नाहीं.

अनुमानाच्या प्रश्नांत धोका निराळा. "कांहीं कोळी नावाडी आहेत, सर्व नावाडी पोहणारे आहेत." यावरून कांहीं कोळी पोहणारे आहेत एवढेंच सिद्ध होतें. उत्तनचा मुलगा मात्र सर्व कोळ्यांस पोहणारे ठरवून मोकळा होईल, कारण त्यानें तसेंच पाहिलें आहे. तेथें अनुभव खुंटीला टांगून केवळ दिलेल्या वाक्यांशीं इमान राखावें लागतें. पुढें ज्याला अपुऱ्या बातमीवरून हुकूम द्यावयाचे आहेत, त्याला कळलेलें काय आणि आपण गृहीत धरलेलें काय हें वेगळें करतां आलें पाहिजे. ह्या प्रश्नाचें सैन्याशीं नातें आहे तें हेंच.

राहिला हिशेब. बरोबर उत्तरास तीन गुण, चुकीस एक वजा. चार पर्यायांतून डोळे मिटून एक निवडला तर सरासरीनें लाभ शून्य आणि हानीही शून्य. एक पर्याय निश्चितपणें खोडतां आला तर मात्र प्रत्येक प्रश्नामागें तृतीयांश गुणाचा लाभ. वेळ प्रत्येक प्रश्नास बहात्तर सेकंद. आकृति फिरविण्याचे किंवा लपलेली आकृति शोधण्याचे प्रश्न सरावानें लवकर सुटूं लागतात, हें खरें. पण किती सरावानें? महायुद्धांत ब्रिटिश सैन्यासाठीं काम केलेले फिलिप व्हर्नन यांनीं पुढें शाळकरी मुलांच्या चाचण्यांवरून दाखविलें कीं, थोड्या सरावानें व मार्गदर्शनानें गुण वाढतात, पण ही वाढ लौकरच थांबते. जुन्या पत्रिका वेळ लावून सोडविणें आणि चुकलेला प्रश्न कां चुकला हें वहींत लिहिणें, ह्यास फारसा खर्च येत नाहीं. वर्षवर्षाच्या शुल्काची पावती फाडणाऱ्या खासगी वर्गांत पालकांनीं हा एक आंकडा अवश्य विचारावा: पहिल्या दोन महिन्यांनंतर गुण किती वाढतात? ज्या घरांत कर्जाचे हप्ते चालू आहेत तेथें हा प्रश्न लहान नाहीं. वय तर थांबतच नाहीं. हवाई दलांत वैमानिक होण्याची लेखी परीक्षेची वाट साधारणतः चोविसाव्या वर्षीं बंद होते.

सरकारी सोयही अगदींच नाहीं असें नव्हे. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ पासून आहे. औरंगाबाद, म्हणजे आतांचें छत्रपति संभाजीनगर, येथें राज्य सरकारनें १९७७ सालीं सैनिकी सेवापूर्व शिक्षणसंस्था काढली, आणि मुलींसाठीं तशीच संस्था २०२३ मध्यें नाशिकला निघाली. मुलींस खडकवासल्याचा दरवाजा त्याच्या आदल्याच वर्षीं उघडला होता.

मीरा रोडनें ह्या इतिहासांत आपला वांटा दिला आहे. तेथील मेजर कौस्तुभ राणे ७ ऑगस्ट २०१८ रोजीं काश्मीरांतील गुरेझ भागांत घुसखोरांशीं लढतांना धारातीर्थीं पडले. त्यांस सेना पदक मिळालें. त्यांच्या पत्नी कनिका राणे पुढें चेन्नईच्या अकादमींतून लेफ्टनंट होऊन बाहेर पडल्या. रणांत पडलेल्या सैनिकाच्या पत्नीस लेखी परीक्षेची माफी असते, निवडमंडळाची नसते. तेथें पहिल्या दिवशीं बुद्धिचाचणी होते, पाठोपाठ एका चित्रावरून गोष्ट रचून ती गटांत सांगावी लागते, आणि मग पटांगणावर उत्तीर्णांचे क्रमांक वाचून दाखविले जातात. ज्यांचा क्रमांक येत नाहीं ते त्याच दिवशीं सामान उचलतात. उरलेल्यांची खरी पाहणी दुसऱ्या सकाळीं सुरू होते.